अवचिताचा रकाना

इसवी सन १००६ मध्ये एप्रिल संपता संपता दक्षिण आकाशात, वृक तारकासमूहाच्या भागात, आधी कुणी न पाहिलेला एक तारा पेटला. कैरोच्या अली इब्न रिदवानने लिहून ठेवलं आहे की तो शुक्राच्या अडीच ते तीनपट मोठा दिसत होता आणि त्याचा उजेड चंद्राच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक होता. चीन आणि जपानच्या दरबारी नोंदींत तो आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठातही त्याची नोंद झाली, आणि तिथून तर तो क्षितिजाच्या वर जेमतेम चार-पाच अंश येत होता. समोर डोंगर, वर उत्तरेकडचं धूसर आकाश, तरीही त्या भिक्षूंनी तो टिपला.

हाच तारा आपल्या उल्हास खोऱ्यातून कसा दिसला असेल, याचं गणित सोपं आहे. अंबरनाथ साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ताऱ्याचं त्या काळचं स्थान धरलं, तर तो इथे दक्षिणेला सुमारे ३३ अंश उंच चढत होता. मध्यरात्रीच्या थोडं आधी तो सर्वांत उंच असे आणि रात्रीचा बराच काळ आकाशात राही. महिना वैशाखाचा, पाऊस यायला अजून महिनाभराचा अवकाश. कोकणात आकाश इतकं मोकळं वर्षातून फार वेळा नसतं. अंगणात झोपलेल्या प्रत्येक माणसाला तो दिसला असणार.

त्यानंतर चौपन्न वर्षांनी वालधुनीच्या काठी अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. या पट्ट्यात तेव्हा लिपी होती, कालगणना होती, दानपत्रावर तिथी-वार-नक्षत्र काटेकोर घालणारे लेखक होते, भूमिज शैलीचं असं मंदिर बांधणारे स्थपती होते. मंदिर उभं राहिलं तेव्हा, लहानपणी तो तारा पाहिलेली म्हातारी माणसंही इथे असणारच. त्या ताऱ्याबद्दल मात्र एक ओळ नाही.

जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात अशा अतिदीप्त नवताऱ्यांचे उल्लेख मिळतात का, याचा शोध घेतला होता. २००१ साली त्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. खात्रीचा म्हणावा असा उल्लेख हाती लागला नाही. १०५४ साली वृषभ राशीत दिसलेल्या दुसऱ्या नवताऱ्याबद्दल आपण एक सबब सांगू शकतो. तो जुलैच्या आरंभी दिसू लागला आणि तेव्हा आपल्याकडे ढगांनी आकाश भरलेलं असतं. पण तोही पुढे दीड वर्षाहून अधिक काळ चिनी निरीक्षकांना दिसत होता, आणि त्यात आपले दोन हिवाळे येऊन गेले. १००६ च्या ताऱ्याला तर पावसाची सबबही लागू नाही.

जुनी भूर्जपत्रं आणि ताडपत्रं कुजली, जळली, वाळवीने खाल्ली. तेव्हा उल्लेख सापडला नाही म्हणजे तो कधी झालाच नव्हता, असं मी म्हणत नाही. मात्र जे वाचलं आहे त्याचा कल स्पष्ट आहे. आपली ज्योतिष परंपरा ज्याची वाट पाहायची त्याचं गणित उत्तम करत होती. ग्रहणं, युत्या, संक्रांती, उदयास्त. जे अवचित घडतं ते उत्पातांच्या प्रकरणात जाई. तिथे त्याचं फळ सांगितलेलं असे, पण ते कोणत्या रात्री, कोणत्या नक्षत्राजवळ, किती तेजाने दिसलं हे सहसा नसे. कोष्टकात अवचितासाठी रकानाच नव्हता. माझं म्हणणं असं की तो रकाना आपण अजूनही नीट आखलेला नाही, आणि त्याची किंमत काय असते हे समजून घ्यायला श्वेतबटूंच्या जोड्यांसारखं दुसरं उदाहरण नाही. १००६ चा तो तारा बहुधा अशाच एका जोडीचा शेवट होता.

सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचे बाहेरचे थर उडून जातात आणि आतला गाभा उरतो. त्याचं वस्तुमान सूर्याच्या तोडीचं, आकारमान पृथ्वीएवढं. हाच श्वेतबटू. त्याच्यात आता काही जळत नाही. स्वतःच्या वजनाखाली तो कोसळत नाही, कारण खच्चून भरलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला तोलून धरतो. हा दाब पुरतो तो एका मर्यादेपर्यंतच. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी बोटीने युरोपला निघाला आणि प्रवासात त्याने हे गणित मांडायला घेतलं. तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. पुढे ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने त्या निष्कर्षाची जाहीर खिल्ली उडवली, आणि चंद्रशेखरांना नोबेल मिळायला १९८३ साल उजाडलं. या सिद्धांतातून निघणारी एक गोष्ट मला आजही थक्क करते. श्वेतबटू जितका जड तितका तो लहान. त्यामुळे जोडीतला हलका तारा आकाराने मोठा असतो.

सर्वांत प्रसिद्ध श्वेतबटू दिसण्याच्या आधी नोंदवहीत सापडला, हे सहसा सांगितलं जात नाही. व्याध हा आपल्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या स्थानाच्या अनेक दशकांच्या नोंदी खगोलशास्त्रज्ञ बेसेलने एकत्र मांडल्या, तेव्हा व्याधाची वाटचाल सरळ नाही, ती किंचित नागमोडी आहे, हे त्याला दिसलं. शेजारी काहीतरी जड आणि न दिसणारं आहे, असं त्याने १८४४ मध्ये सांगितलं. अठरा वर्षांनी, ३१ जानेवारी १८६२ रोजी, अमेरिकेत अॅल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क नवी दुर्बीण तपासत असताना त्याला तो सोबती प्रत्यक्ष दिसला. ज्या वेधकांनी आधी व्याधाची स्थानं लिहून ठेवली होती, त्यांच्यापैकी कुणालाही आपण श्वेतबटूचा पुरावा गोळा करतो आहोत याची कल्पना नव्हती.

व्याधाची जोडी सैल आहे, एका फेरीला तिला पन्नास वर्षं लागतात. ज्या जोड्यांबद्दल मी लिहितो आहे त्या फार जवळच्या. दोन तारे जन्मतः इतके जवळ असू शकत नाहीत. त्यातला एक म्हातारपणी फुगतो, त्याच्या वायूच्या आवरणात दुसरा गुंडाळला जातो, घर्षणाने दोघे एकमेकांकडे ओढले जातात आणि आवरण बाहेर फेकलं जातं. दुसऱ्याच्या म्हातारपणी पुन्हा असंच काही घडतं. शेवटी दोन निखळ गाभे एकमेकांभोवती गरगरत उरतात. मग काम सुरू होतं गुरुत्वीय लहरींचं. या लहरी ऊर्जा घेऊन जातात, कक्षा आकसते, फेरी लहान होत जाते, आणि फेरी जितकी लहान तितकी गळती मोठी.

यातली एक जोडी जरा जवळून पाहण्यासारखी आहे. भूतप समूहात, म्हणजे आपल्या स्वातीच्याच समूहात पण बऱ्याच उत्तरेकडे, तिची नोंद झेडटीएफ जे१५३९+५०२७ अशा रुक्ष क्रमांकाने झाली आहे. एकाचं वस्तुमान सूर्याच्या ०.६१ पट, दुसऱ्याचं ०.२१ पट. वर सांगितल्याप्रमाणे हलका तारा जड ताऱ्याच्या दुप्पट रुंद आहे. दोघांमधलं अंतर सुमारे ७८ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराचा पाचवा हिस्सा. एक फेरी ६.९१ मिनिटांत पूर्ण होते. लोकल अंबरनाथ सोडून बदलापूरला लागेपर्यंत साधारण तेवढ्या वेळात हे दोन तारे एकमेकांना प्रदक्षिणा घालून मोकळे होतात. त्यांची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत जवळजवळ आडवी आहे, म्हणून दर फेरीत मोठा, थंड तारा लहान, तप्त ताऱ्यासमोर येतो आणि मिनिटभरापेक्षा कमी वेळ जोडीचा प्रकाश जवळजवळ विझतो.

ही कक्षा रोज सुमारे २६ सेंटिमीटरने आकसते. हातभर नाही, वीतभर. इतक्या दूरवरच्या जोडीतली वीत मोजायची कशी? मोजायची वेळेने. फेरीचा काळ वर्षाला एका मिलिसेकंदापेक्षाही कमी घटतो आणि तेवढा फरक थेट मोजता आला नसता. पण घट साचत जाते. एका वर्षात ग्रहण अपेक्षेपेक्षा सुमारे २८ सेकंद आधी येतं, दोन वर्षांत दोन मिनिटांच्या आसपास, दहा वर्षांत पाऊण तासाहून अधिक. काळ दुप्पट केला की फरक चौपट होतो. याच पद्धतीने, २०११ मध्ये सापडलेल्या पावणेतेरा मिनिटांच्या दुसऱ्या एका जोडीची ग्रहणं वर्षभरात सहा सेकंद लवकर येऊ लागल्याचं २०१२ मध्ये दाखवलं गेलं. आइन्स्टाइनच्या गणितातून जी घट निघते तीच ही घट.

भूतपातल्या जोडीचा शोध २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये जाहीर झाला. प्रमुख लेखक केव्हिन बर्ज हा तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमधला विद्यार्थी होता. ज्या झेडटीएफ सर्वेक्षणातून ती सापडली ते उभं करणारे श्रीनिवास कुलकर्णी मूळचे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे. पालोमारच्या ४८ इंची जुन्या दुर्बिणीवर त्यांनी असा कॅमेरा बसवला की एका चित्रात आकाशाचे ४७ चौरस अंश यावेत, आणि तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपलं जावं. अमुक एक गोष्ट शोधायची, असं न ठरवता सगळ्याची नोंद ठेवायची आणि बदलेल ते वेगळं काढायचं, हा त्यामागचा विचार. २०२४ मध्ये त्यांना शॉ पारितोषिक मिळालं ते अशाच कामांसाठी. माझ्या दृष्टीने खरी मोलाची गोष्ट पुढे आहे. जोडी सापडल्यावर संशोधकांनी त्याच दुर्बिणीवरच्या आधीच्या सर्वेक्षणाची चित्रं उघडली. त्यांत ही जोडी वर्षानुवर्षं येऊन बसली होती, कुणाचं लक्ष नव्हतं इतकंच. त्या जुन्या चित्रांमुळे घटीचा काळ एकदम लांबला आणि वीतभर आकसणं ठामपणे हाती आलं. नोंद आधी झाली, तिचा उपयोग नंतर कळला.

या जोड्यांचं शेवटी काय होतं? हलक्या जोडीतले दोघे एकमेकांत मिसळून एक नवाच तारा होतो. जड जोड्या फुटतात. १५० प्रकाशवर्षांवर अशी एक जड जोडी सापडल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या १.५६ पट, फेरी चौदा तासांची, पण स्फोट व्हायला दोन हजार कोटी वर्षांहून अधिक अवकाश. असे स्फोट जवळजवळ एकसारख्या तेजाचे असतात, म्हणून त्यांच्यावरून दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजता येतात. विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे हे १९९८ मध्ये समजलं ते याच मोजणीतून, आणि २०११ चं नोबेल त्याला मिळालं. इतकं मोठं मोजमाप ज्या स्फोटांवर उभं आहे, ते नेमके कोणत्या जोड्यांतून होतात यावर अजून वाद आहे. एका बाजूला फुगलेला साधा तारा आणि त्याचा वायू ओढून घेणारा श्वेतबटू, दुसऱ्या बाजूला दोन श्वेतबटूंची टक्कर. १००६ च्या स्फोटाचा ढग आजही तिथे पसरतो आहे. २०१२ मध्ये त्याच्या आत वाचलेल्या सोबत्याचा कसून शोध घेतला गेला आणि तसा तारा मिळाला नाही. दोन्ही श्वेतबटू संपून गेले असावेत, असं मानायला यामुळे चांगला आधार मिळतो. हा अभ्यास कुठे करायचा हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं, कारण हजार वर्षांपूर्वी कैरो, कैफेंग आणि सेंट गॅलनमध्ये कुणीतरी जागा आणि तारीख लिहून ठेवली होती. अंबरनाथहून काही आलं नाही.

आता यावर हमखास आक्षेप येतो. आकाशाच्या नोंदी ठेवायचं काम यंत्रांकडे गेलं आहे, बदलापूरच्या गच्चीवरून कुणी काय पाहणार? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. सात मिनिटांची जोडी गच्चीवरून दिसणार नाही. तिच्या लहरी ऐकायला तर पृथ्वीवरची यंत्रंही अपुरी आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा सेकंदाला दहा-वीस ते हजार कंपनं ऐकेल, आणि या जोडीची एक लहर साडेतीन मिनिटांनी येते. तिच्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेचा लिसा प्रकल्प आहे. एकमेकांपासून २५ लाख किलोमीटरवर तरंगणारी तीन यानं, २०३५ च्या सुमारास.

पण दुसरा अर्धा भाग चुकीचा आहे. मंद तारे पाहायला बनवलेली यंत्रं तेजस्वी ताऱ्यांपुढे दिपून जातात. ताऱ्याच्या तेजाच्या प्रतीचा आकडा जितका लहान तितका तो तेजस्वी, आणि झेडटीएफला साधारण बाराव्या प्रतीहून तेजस्वी तारा नीट मोजता येत नाही. चिलीतल्या नव्या रुबिन वेधशाळेची मर्यादा तर त्याहून खाली आहे. साध्या डोळ्यांना दिसणारा तारा तिच्या चित्रात निरुपयोगी पांढरा डाग असतो. १००६ सारखं काही उद्या उजाडलं, तर त्याच्या पहिल्या तासांचं तेज सांगायला द्विनेत्री घेतलेला माणूसच लागेल.

आणि अशी जागा आपल्या डोक्यावर आहे. मे महिन्यात रात्री दहानंतर स्वाती आणि अभिजित यांच्या मध्ये, स्वातीला जवळ, ताऱ्यांचा एक अर्धवर्तुळाकार हार दिसतो. तो उत्तर मुकुट. मध्यरात्रीच्या सुमारास तो बदलापूरच्या जवळजवळ माथ्यावर येतो, आणि शहराचा उजेड माथ्यावर सर्वांत कमी असतो. त्यातला सर्वांत ठळक तारा दुसऱ्या प्रतीचा, तो आमच्या स्टेशनजवळच्या गच्चीवरूनही सहज दिसतो. या लहानशा हारात श्वेतबटूंच्या दोन वेगवेगळ्या कथा चालू आहेत.

पहिली हाराच्या आत. तिथे एरवी सहाव्या प्रतीचा एक तारा द्विनेत्रीतून दिसतो, आर कोरोना बोरिआलिस. १७९५ मध्ये पिगॉट या निरीक्षकाने तो बदलतो हे ओळखलं. हा तारा मधूनच, कसलीही पूर्वसूचना न देता, काजळीच्या ढगात बुडतो आणि हजारपटींहून मंद होतो. २००७ मध्ये तो असा बुडाला आणि पुढे कित्येक वर्षं वर आला नाही. या जातीचे तारे दोन श्वेतबटू मिसळून तयार होतात, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. भूतपातल्या त्या वीत-वीत जवळ येणाऱ्या जोडीचं एक-दोन लाख वर्षांनंतरचं एक शक्य भविष्य हेच आहे. तेव्हा घडून गेलेल्या मीलनाचा परिणाम आपण साध्या जुन्या द्विनेत्रीतून पाहू शकतो. तो दिसतो की नाही, शेजारच्या कोणत्या ताऱ्याएवढा दिसतो, एवढंच लिहायचं.

दुसरी कथा हाराच्या कडेला. टी कोरोना बोरिआलिस ही एका तांबड्या राक्षसी ताऱ्याची आणि एका जड श्वेतबटूची जोडी. श्वेतबटू सोबत्याचा वायू ओढून अंगावर साचवत राहतो आणि साधारण ऐंशी वर्षांनी तो थर पेट घेतो. एरवी दहाव्या प्रतीची, डोळ्यांना न दिसणारी ही जोडी काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढते आणि आठवड्याभरात पुन्हा डोळ्यांआड होते. याआधीचे दोन भडके १२ मे १८६६ आणि फेब्रुवारी १९४६ चे. पुढचा हिशेबाने आता जवळ आलेला, म्हणून गेली काही वर्षं जगभरचे निरीक्षक तिच्यावर डोळा ठेवून आहेत. १९४६ मध्ये ती प्रथम पाहणाऱ्यांत सोव्हिएत संघातला कामेंचुक नावाचा रेल्वेचा लाइनमन होता. वेल्समध्ये न्यूपोर्टच्या पंधरा वर्षांच्या मायकल वुडमनने ती घराच्या खिडकीतून पाहिली आणि सरळ ब्रिटनच्या राजज्योतिषाला पत्र लिहिलं. अमेरिकेत लेस्ली पेल्टिअर हा नामांकित निरीक्षक पंचवीस वर्षं तिच्यावर पहारा देत होता. त्या रात्री तो सर्दीमुळे पुन्हा झोपला आणि ती हुकली.

लाइनमन आणि शाळकरी मुलगा ही नावं मी मुद्दाम घेतली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही रात्री जागणारी शहरं आहेत. रेल्वेची माणसं, एमआयडीसीतल्या पाळ्यांवर जाणारे कामगार, सुरक्षारक्षक, शेवटच्या कर्जत लोकलने उतरून घरी चालत जाणारे हजारो लोक. मुंबईच्या वेधशाळेतला संशोधक झोपलेला असतो तेव्हा यांच्या डोक्यावर आकाश असतं. शिवाय पृथ्वीवरची आपली जागाही सोयीची आहे. अमेरिकेत दिवस असतो, युरोपात संध्याकाळ व्हायची असते, तेव्हा इथे पूर्ण रात्र. काही तासांत चढणाऱ्या ताऱ्याचा आलेख भरताना हे रेखांश रिकामे राहिले, तर आलेखात भोक पडतं, आणि ते मागाहून भरता येत नाही.

आकाशाची आवड आपल्याकडे कमी नाही. मुंबईच्या खगोल मंडळाने आमच्या शेजारच्या वांगणीला वर्षानुवर्षं रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम केले आणि हजारो लोकांना पहिल्यांदा शनीची कडी दाखवली. कल्याणचं आकाशमित्र मंडळ आहे. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेची स्थापना १९४४ ची. या संस्थांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि त्यांतल्या काही सभासदांनी ग्रहणांची आणि उल्कांची चोख मोजणी केली आहे. तक्रार आपल्या सगळ्यांच्या सवयीबद्दल आहे. आपल्याला आकाश बघायला आवडतं, पण दुसऱ्या दिवशी तेच आकाश पुन्हा बघून काल-आजचा फरक लिहायला आवडत नाही. वांगणीला एकदा जाऊन आलेला माणूस समाधानाने घरी येतो, आणि त्याने पाहिलेलं त्याच्याबरोबर संपतं. आता वांगणीपर्यंतही उजेड पोचला आहे, म्हणून आकाश गेलं, असं हळहळून बोललं जातं. आकाशगंगेसाठी ते खरं आहे. दुसऱ्या प्रतीच्या नवताऱ्यासाठी आणि द्विनेत्रीतल्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी ते खरं नाही.

आणि नोंद ठेवणं आपल्या रक्तात नाही, असंही म्हणता येणार नाही. कोकणकिनाऱ्यावरच्या नांदगावच्या केशव दैवज्ञाने पंधराव्या शतकात स्वतः वेध घेऊन, जुन्या ग्रंथांचे ग्रह आकाशातल्या ग्रहांशी कुठे जुळत नाहीत, ते लिहून ठेवलं. त्याच्या मुलाने, गणेश दैवज्ञाने, १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचलं, ज्यावर महाराष्ट्राची पंचांगं पुढे शतकानुशतकं चालली. चालली हीच अडचण झाली. ग्रंथ चांगला होता म्हणून वेध थांबले. एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांना, मग व्यंकटेश बापूजी केतकरांना आणि लोकमान्य टिळकांना पुन्हा भांडावं लागलं की पंचांगात लिहिलेलं आकाशात दिसलं पाहिजे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात हा सगळा इतिहास असा मांडला आहे की वाचताना केशवाच्या कष्टांचा अभिमान वाटतो आणि नंतरच्या शतकांची हळहळ वाटते.

एका माणसाने काय होतं, याचं उत्तर बंगालने दिलेलं आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यातला कारकून राधागोविंद चंद्र रात्री घरी दुर्बीण लावून बदलत्या ताऱ्यांचं तेज मोजायचा आणि नोंदी अमेरिकेतल्या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षक संघटनेला पाठवायचा. १९११ मध्ये स्थापन झालेली ही संघटना आजही जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते. राधागोविंदाच्या नोंदी तीस हजारांहून अधिक भरल्या. संघटनेने त्याला दुर्बीण पाठवली. खजिन्यातल्या दिवसभराच्या आकडेमोडीनंतर हा माणूस पुन्हा आकडे लिहायला बसत होता, आणि त्याच्या आकड्यांवर दूरदेशीच्या शास्त्रज्ञांचा विश्वास होता. भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव अधिक मोठ्याने घेतलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या तिन्ही शहरांतल्या शाळांमध्ये आठवी-नववीच्या मुलांना एक वही दिली, तर सुरुवात होते. पानावर तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती, आणि मुकुटातले दोन तारे, एक आरपेक्षा थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. आर या दोघांमध्ये कुठे बसतो, ते लिहायचं. जून ते सप्टेंबर ‘ढग’ असं लिहायचं, तीही नोंदच. टी दिसला तर शिक्षकांना त्याच रात्री फोन करायचा. नोंदी पाठवायला त्या संघटनेचं सभासदत्व लागत नाही, पैसे पडत नाहीत. ज्यांना यंत्रांकडे जायचं आहे त्यांनी झेडटीएफची उघडी माहिती उतरवून घ्यावी. अंबरनाथच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कॅलटेकच्या विद्यार्थ्याइतकंच जुनं आकाश त्यात मिळतं, आणि पवईच्या आयआयटीची माणसं लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणीवर २०१८ पासून अवचित घडणाऱ्या गोष्टींचाच माग काढत आहेत.

मुलं विचारतील, वर्षभर ‘टी दिसला नाही’ एवढंच लिहायचं तर त्याचा उपयोग काय? त्यांना १८६६ ची गोष्ट सांगावी. १२ मेच्या रात्री आयर्लंडमध्ये जॉन बर्मिंगहॅमला घरी परतताना मुकुटात नवा तारा दिसला. तो किती वेळापूर्वी पेटला होता, हे त्याला सांगता येणं शक्य नव्हतं. ते सांगितलं अथेन्सच्या युलियस श्मिटने. त्याच संध्याकाळी, काही तास आधी, तो त्याच भागाकडे पाहत होता आणि तिथे असा तेजस्वी तारा नव्हता, हे तो खात्रीने सांगू शकला. श्वेतबटूवर साचलेला थर काही तासांत पेटून निघतो, हे या जोडीबद्दल पहिल्यांदा कळलं ते श्मिटच्या त्या ‘नव्हता’मुळे.